न्यायाचा आरंभ कोठें व्हावा?

मंडळ्यांच्या अभ्यासवर्गासाठीं धडा. वाचन : निर्गम २१:१६, यशया ५८:३-७, याकोब ५:१-६, १ पेत्र ४:१७, फिलेमोनास पत्र.

धर्माचा राज्यकारभाराशीं संबंध काय, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत निवडणुकीच्या दिवसांत हटकून निघतो, आणि त्याला दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कांहीं बंधु म्हणतात कीं, धर्म हा उपासनेपुरता आणि राजकारण हें चावडीपुरतें. भक्तिमान मनुष्यानें त्या चिखलांत पाय घालूं नये. दुसरे म्हणतात कीं, आपण संख्येनें थोडे आहों, म्हणून आपला एक माणूस निवडून आणावा, म्हणजे आपल्या लोकांचीं कामें होतील. पहिल्या उत्तरांत धर्म मंदिराच्या उंबरठ्याबाहेर पडत नाहीं. दुसऱ्यांत तो बाहेर पडतो खरा, पण एका नव्या जातीचा झेंडा होऊन पडतो. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत.

ह्या धड्यांत आम्ही एका घडलेल्या इतिहासाचा विचार करणार आहों. आफ्रिकेंतील लोकांना गुलाम करून विकण्याचा व्यापार ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनीं कसा चालविला, आणि त्याच राष्ट्रांतील कांहीं ख्रिस्ती लोकांनीं तो कसा मोडला, ही ती हकीकत होय. तिच्यापासून शिकावयाचें तें थोडक्यांत इतकेंच : जी मंडळी आपल्या घराचा न्याय आधीं करिते, तिच्याच शब्दाला दरबारांत वजन येतें.

१. शास्त्र एक, पक्ष दोन

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपांतील व्यापाऱ्यांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसें विकत घेऊन तीं अमेरिकेंत व वेस्ट इंडीज बेटांत नेऊन विकलीं. इतिहाससंशोधकांच्या गणनेप्रमाणें सुमारें सव्वा कोटि माणसें जहाजांवर चढविण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारें १ कोटि ७ लाख पलीकडच्या किनाऱ्याला जिवंत उतरलीं. बाकीचीं वाटेंतच मेलीं व समुद्रांत टाकण्यांत आलीं. जीं वांचलीं त्यांच्या घामावर ऊंस, तंबाखू व कापूस हीं पिकें निघूं लागलीं. हा व्यापार करणारे आणि त्या मळ्यांचे धनी बहुतेक बाप्तिस्मा पावलेले लोक होते.

त्यांस शास्त्र ठाऊक नव्हतें असें नाहीं. ते शास्त्र काढून दाखवीत. नोहाचा शाप काळ्या लोकांवर आहे, असें ते म्हणत. परंतु उत्पत्तीचा नववा अध्याय काढून पाहा. तेथें शाप कनानाला दिलेला आहे, आणि कातडीच्या रंगाविषयीं एक अक्षरहि नाहीं. दासांनीं धन्याच्या आज्ञेंत राहावें, हें पौलाचें वचन ते गुलामांकडून पाठ करून घेत. पण धन्यानें दासाशीं न्यायानें वागावें, हें त्याच प्रेषितानें कलस्सैकरांस लिहिलेलें वचन ते सोडून देत. मनुष्य चोरून विकणाऱ्यास मोशेच्या नियमशास्त्रांत देहान्त शिक्षा सांगितली आहे, ती तर त्यांच्या डोळ्यांस जणूं दिसतच नव्हती.

फार काय, १८०७ सालीं लंडन येथें वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठीं पवित्र शास्त्राचे निवडक भाग छापण्यांत आले. त्यांत योसेफ विकला गेला तरी विश्वासूपणें चाकरी करीत राहिला, ही गोष्ट ठेवली होती. परंतु मोशेनें इस्राएल लोकांस मिसर देशाच्या दास्यांतून बाहेर काढिलें, ही हकीकत गाळून टाकिली होती. कात्री कोठें चालली हें पाहिलें म्हणजे कात्री धरणाऱ्यास कशाची भीति होती हें कळतें.

ह्याहून दुःखकारक उदाहरण एका मिशनसंस्थेचें आहे. ख्रिस्तोफर कॉडरिंग्टन नांवाचा एक धनाढ्य जमीनदार १७१० सालीं मरण पावला. त्यानें बार्बाडोस बेटांतील आपले उंसाचे दोन मळे, त्यांवरील गुलामांसुद्धां, इंग्लंडच्या एका मिशनसंस्थेला मृत्युपत्रानें दिले. परदेशांत शुभवर्तमानाचा प्रसार करणें हें त्या संस्थेचें काम होतें. पण तिच्या मळ्यावरील गुलामांच्या छातीवर एके काळीं तापलेल्या लोखंडानें ‘सोसायटी’ ही अक्षरें डागण्यांत येत असत, आणि १८३३ सालचा कायदा होईपर्यंत ती संस्था गुलामांची मालक होती. २००६ सालीं चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वसाधारण सभेनें ह्या पापाबद्दल जाहीर क्षमा मागितली. जी अक्षरें पुस्तकावर शोभलीं असतीं, तीं माणसाच्या कातडीवर उमटलीं! उपदेश आणि हिशेबाची वही ह्यांची गांठ पडूं दिली नाहीं म्हणजे काय होतें, तें ह्यावरून समजावें.

पालट झालेल्या मनुष्याची गोष्ट तरी वेगळी असेल, असें कोणी म्हणेल. तर जॉन न्यूटनचें चरित्र पाहा. त्याचीं स्तोत्रें आजहि जगभर गाइलीं जातात. १७४८ सालीं समुद्रांत वादळ झालें असतां तो देवाकडे वळला. पण त्यानंतर कित्येक वर्षें, १७५४ पर्यंत, तो गुलामांच्याच जहाजांवर काम करीत राहिला व त्यांचा कप्तान झाला. वर प्रार्थना चाले आणि खालीं बेड्या घातलेलीं माणसें कोंबलेलीं असत. शेवटीं त्यानें समुद्र सोडला तो आजारामुळें. आणि त्या व्यापाराचा उघड निषेध करणारें पुस्तक त्यानें लिहिलें तें १७८८ सालीं, म्हणजे जहाज सोडल्यापासून चौतीस वर्षांनीं. ह्यावरून न्यूटनचा पालट खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, ज्या कामाला सभोंवतालचे सर्व लोक प्रतिष्ठित समजतात, त्या कामांतील पाप पालट झालेल्या मनुष्यासहि एकट्यानें लवकर दिसत नाहीं. तें दाखविण्यासाठीं मंडळी लागते.

२. आरंभ घरांत झाला

अशी एक मंडळी होती. क्वेकर नांवाच्या पंथाचे लोक संख्येनें थोडे, राहणीनें साधे व बोलण्यांत खरे म्हणून प्रसिद्ध होते. तरी अमेरिकेंत स्थायिक झालेल्या क्वेकरांपैकीं पुष्कळांच्या घरीं गुलाम होते. १६८८ सालीं पेनसिल्व्हेनियांतील जर्मनटाउन नांवाच्या वस्तींतील चौघा जणांनीं एक कागद लिहून आपल्या मंडळीपुढें ठेविला. लोकांनीं आपल्याशीं जसें वागावें असें आपणांस वाटतें तसें आपण त्यांच्याशीं वागावें, ही प्रभूची आज्ञा गुलामांस लागू नाहीं काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. तो कागद खालच्या सभेकडून वरच्या सभेकडे गेला. हा विषय फार जड आहे, आतां निर्णय करणें ठीक नाहीं, असें वरच्या सभांनीं म्हटलें आणि कागद बाजूस पडला. मंडळीच्या पंचांपुढें अवघड गोष्ट आली म्हणजे ती पुढच्या बैठकीवर टाकण्याची रीत नवी नाहीं, हें आमच्या वाचकांस वेगळें सांगावयास नको.

पुढें त्याच मंडळींत जॉन वुलमन हा मनुष्य उदयास आला. त्याचा जन्म १७२० सालीं न्यू जर्सी प्रांतांत झाला. तरुणपणीं तो एका दुकानांत कारकुनी करीत असे. एके दिवशीं धन्यानें त्याला एका काळ्या स्त्रीचें विक्रीखत लिहावयास सांगितलें. घेणारा गिऱ्हाईक वृद्ध क्वेकर होता व बाहेर वाट पाहत होता. वुलमनानें खत लिहिलें. पण गुलाम ठेवणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें मला वाटतें, असें त्यानें त्या दोघांसमोर बोलून दाखविलें. पुढें दुसऱ्या एकानें तसलेंच खत लिहावयास सांगितलें तेव्हां त्यानें नम्रपणें नकार दिला. एका दुखापत झालेल्या शेजाऱ्यानें त्याला आपलें मृत्युपत्र लिहावयास सांगितलें. वुलमनानें बाकीचा सर्व मजकूर लिहिला. मात्र घरांतील गुलाम मुलगी वारसाला देण्याचें कलम लिहिलें नाहीं, आणि त्याचें कारण शांतपणें समजावून सांगितलें. दोघांचें बोलणें झालें, त्या मुलीला मोकळें करण्याचें ठरलें, आणि मग वुलमनानें मृत्युपत्र पुरें केलें.

उपदेशकबंधूंनो, ह्या मनुष्याची पद्धति ध्यानांत घ्या, कारण ती तुमच्याच कामाची आहे. त्याच्या हातीं सत्ता नव्हती. तो घरोघर जाई. ज्या घरीं गुलाम राबत त्या घरीं पाहुणा म्हणून राहावें लागलें तर तो त्यांच्या सेवेबद्दल पैसे देई, कारण फुकट घेतलेल्या श्रमांत आपलाहि वांटा होऊं नये असें त्याला वाटे. गुलामांच्या हातून येणारी साखर त्यानें सोडली. त्यानें धन्यांस चारचौघांत शिव्याशाप दिले नाहींत, आणि त्यांच्या घरचें जेवण गोड लागलें म्हणून सत्य गिळलेंहि नाहीं. १७५४ सालीं त्यानें ह्या विषयावर पहिलें पुस्तक छापलें. १७५८ सालीं फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेनें ठराव केला कीं, जो गुलामांची खरेदीविक्री करील त्याला मंडळीच्या कारभारांत भाग घेतां येणार नाहीं. आणि गुलाम बाळगणाऱ्या सभासदांस भेटून समजावण्यासाठीं माणसें नेमिलीं. वुलमन हा त्यांतील एक होता. १७७२ सालीं तो इंग्लंडांत यॉर्क येथें देवीच्या रोगानें मरण पावला. त्यानंतर चार वर्षांनीं, १७७६ सालीं, त्याच सभेनें नियम केला कीं, गुलाम बाळगणारा मनुष्य आमच्या मंडळीचा सभासद राहूं शकत नाहीं.

जर्मनटाउनच्या कागदापासून ह्या नियमापर्यंत ८८ वर्षें लागलीं. ह्या सर्व काळांत त्यांनीं राजाकडे बोट दाखविण्याआधीं आपल्या घराची झडती घेतली. कित्येकांचें त्यांत नुकसान झालें. परंतु त्या नुकसानींतूनच त्यांच्या शब्दाला धार आली.

३. घरांतून दरबारांत

२२ मे १७८७ रोजीं लंडन येथें बारा मनुष्यांनीं मिळून गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठीं एक समिति स्थापिली. त्या बारांतील नऊ क्वेकर होते. क्वेकर लोक शपथ घेत नसत, म्हणून त्या काळीं त्यांना पार्लमेंटांत बसतां येत नव्हतें. तेव्हां दुसऱ्या पंथांतील माणसांशीं त्यांनीं हात मिळविला. समितींतील टॉमस क्लार्कसन ह्यानें १७८५ सालीं केंब्रिज येथें गुलामगिरीविरुद्ध लॅटिन निबंध लिहून बक्षीस मिळविलें होतें. बक्षिसासाठीं लिहिलेल्या गोष्टी खऱ्या असतील तर कोणीतरी हें थांबविलें पाहिजे, ह्या विचारानें त्याला चैन पडेना. तो बंदरोबंदरीं हिंडला, खलाशांच्या साक्षी घेतल्या, बेड्या विकत घेऊन लोकांस दाखविल्या. एका जहाजांत माणसें कशीं दाटीनें निजवितात ह्याचें चित्र समितीनें छापून घरोघर पोंचविलें. आणि ज्यांच्यावर हें सर्व गुदरलें होतें तेहि बोलले. ओलाउदा इक्वियानो हा एके काळीं गुलाम असलेला मनुष्य होता. स्वकष्टाच्या पैशानें त्यानें आपली सुटका करून घेतली होती. त्यानें १७८९ सालीं आपलें आत्मचरित्र छापलें व तें देशभर फिरून विकलें. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याची साक्ष शंभर व्याख्यानांहून जड असते.

पार्लमेंटांत बोलणारा माणूस विल्यम विल्बरफोर्स हा होता. १७८० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो निवडून आला. १७८५ च्या सुमारास त्याचा हृदयपालट झाला. आतां राजकारण सोडून केवळ धर्मसेवा करावी काय, असा प्रश्न घेऊन तो जॉन न्यूटनकडे गेला. आणि त्या जुन्या कप्तानानें त्याला आहे तेथेंच राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला दिला. राजकारण हा चिखल आहे असें म्हणून बाजूस होणाऱ्या बंधूंनीं ह्याचा विचार करावा. विल्बरफोर्स बाजूस झाला असता तर ते शब्द तेथें बोलला कोण असता?

१७९१ सालीं त्याची सूचना ८८ विरुद्ध १६३ मतांनीं पडली. त्यावर लोक निराश होऊन घरीं बसले नाहींत. साध्या कुटुंबांनीं वेस्ट इंडीजची साखर घरांत आणणें बंद केलें. सुमारें ३ लाख लोकांनीं साखर सोडली, असा क्लार्कसनचा अंदाज होता. त्या काळीं बायकांना मत नव्हतें. परंतु चूल त्यांच्या हातीं होती, आणि चुलीपाशीं त्यांनीं आपलें मत दिलें. पुढल्या वर्षीं गांवोगांवाहून शेंकडों अर्ज पार्लमेंटाकडे आले. तरी फ्रान्सशीं युद्ध निघालें व काम मागें पडलें. सूचना पुन्हां पुन्हां आली आणि पुन्हां पुन्हां पडली. अखेरीस फेब्रुवारी १८०७ मध्यें ती १६ विरुद्ध २८३ मतांनीं पास झाली, आणि २५ मार्च १८०७ रोजीं कायदा झाला. समिति स्थापन झाल्यास वीस वर्षें होत आलीं होतीं.

४. कायदा झाला, पण न्याय अर्धाच राहिला

१८०७ च्या कायद्यानें व्यापार बंद झाला. जे आधींच गुलाम होते ते गुलामच राहिले. त्यांची सुटका केवळ इंग्लंडांतील सज्जनांनीं केली असें कोणी समजूं नये. जमेका बेटांत सॅम्युएल शार्प हा गुलाम होता, आणि बॅप्टिस्ट मंडळीचा डीकनहि होता. त्याला वाचतां येत होतें. शास्त्र वाचून त्याची खात्री झाली होती कीं, मनुष्यावर मनुष्याची अशी मालकी देवाला मान्य नाहीं. १८३१ च्या नाताळानंतर, मजुरी मिळाल्यावांचून कामावर जावयाचें नाहीं, असा बेत त्यानें आपल्या लोकांत ठरविला. त्याच्या मनांत शांतपणें काम थांबविण्याचें होतें, पण मळ्यांना आगी लागल्या व बंड पसरलें. गोरे लोक चौदाच्या आसपास मेले. उलट सरकारनें तीनशेंहून अधिक गुलामांस देहान्त शिक्षा दिली. २३ मे १८३२ रोजीं शार्पला फांशी झाली. मळेवाल्यांनीं चिडून मिशनच्या प्रार्थनामंदिरांस आगी लाविल्या. तेव्हां विल्यम निब नांवाचा मिशनरी इंग्लंडास गेला आणि त्यानें पार्लमेंटाच्या समित्यांपुढें साक्ष दिली. पुढच्याच वर्षीं, १८३३ सालीं, गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. विल्बरफोर्स २९ जुलै १८३३ रोजीं वारला. मरण्यापूर्वीं तीन दिवस त्याला बातमी कळली होती कीं, कायदा आतां खास होणार.

ह्या कायद्यांतहि माणसाचा स्वार्थ शिरला होता. मळेवाल्यांस २ कोटि पौंड नुकसानभरपाई देण्यांत आली. ज्यांचा जन्म लुटला गेला त्यांस एक पैहि मिळाली नाहीं. उलट त्यांनाच शिकाऊ उमेदवार असें नांव देऊन १ ऑगस्ट १८३८ पर्यंत जुन्याच धन्याकडे राबविण्यांत आलें. आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख ह्या कायद्यांतून वगळला होता. आमच्या देशांत गुलामगिरीला न्यायालयाची मान्यता नाकारणारा कायदा १८४३ सालीं झाला. दरम्यान, मोकळ्या झालेल्या गुलामांची जागा भरण्यासाठीं १८३४ पासून हिंदुस्थानांतील गरीब मजूर करारानें मॉरिशस बेटांत नेण्यास आरंभ झाला. त्यांत मराठी माणसेंहि होतीं, आणि त्यांच्या वंशजांनीं तेथें आपली भाषा व सण आजवर जतन केले आहेत. ह्याच कराराच्या मजुरीविरुद्ध पुढें चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज ह्यांनीं फिजी बेटांत जाऊन चौकशी केली व आवाज उठविला. पाप एका दारानें घालविलें कीं तें दुसरें नांव घेऊन दुसऱ्या दारानें येतें. म्हणून मंडळीची जागल कायदा झाल्यावरहि संपत नाहीं.

५. ही गोष्ट आमची कशी?

कोणी म्हणेल, आम्ही गरीब लोक. आमच्या घरीं कोठले गुलाम? आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वाड्यांत राबलों. हें खरें आहे, आणि म्हणूनच सॅम्युएल शार्पची गोष्ट आम्ही वर दिली. वेठ आणि माणसांचा व्यापार ह्यांस भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें मनाई आहे. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द केली, आणि तिच्यापायीं अंगावर असलेलें कर्ज फेडण्याची जबाबदारीहि रद्द केली. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करतां येते. ज्या उपदेशकाला अर्ज लिहितां येतो त्यानें हें जाणावें, आणि अडलेल्या बंधूसाठीं, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, लेखणी उचलावी.

परंतु गरिबाच्याहि हाताखालीं कोणीतरी असतोच. साखरेचेंच पाहा. ज्या साखरेपायीं आफ्रिकेचे लोक विकले गेले तिचा ऊंस आतां आमच्या शिवारांतहि उभा आहे. दुष्काळी भागांतील नवराबायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. मुकादमाकडून उचल घेऊन तीं हंगामभर कारखान्याच्या मुलुखांत तोडणीला जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाहीं, तर तोच आंकडा पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो. मुकादम जर आमच्या मंडळीचा सभासद असेल, तर त्याची वही मजुराला वाचून दाखविली जाते काय? बाईच्या श्रमाचे पैसे तिच्या हातीं पडतात काय? याकोबाच्या पत्राचा पांचवा अध्याय धन्यानें दाबून ठेविलेल्या मजुरीविषयीं बोलतो. तो अशा वहीशेजारीं ठेवून वाचावा. ऊंस तोडणारा मजूर जर आमचा सभासद असेल, तर त्याच्या गैरहजेरींत त्याच्या मुलांच्या शाळेची चिंता कोण वाहतो, हेंहि विचारावें.

जातीचें तसेंच आहे. अस्पृश्यता राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें नाहींशी केली. पण प्रभुभोजनाच्या पंक्तींत, स्मशानभूमींत व सोयरिकींत जुन्या जातीची आठवण कोणी ठेवीत असेल, तर ती काढण्यास सरकारचा शिपाई येणार नाहीं. फिलेमोनानें अनेसिमाला दास म्हणून नव्हे तर बंधु म्हणून घरांत घ्यावें, असें पौलानें लिहिलें तें एका घरांतील मंडळीला उद्देशून. रोमी बादशहाला त्यानें तसें पत्र पाठविलें नाहीं.

आतां निवडणुकीविषयीं. मतासाठीं लांच देणें घेणें आणि धर्माच्या नांवावर मत मागणें, हीं दोन्ही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानें भ्रष्ट आचरणें ठरविलीं आहेत. हा नियम आम्हांस जाचक नाहीं. उलट तो आमच्या धड्याशीं जुळतो. विल्बरफोर्स ख्रिस्ती लोकांसाठीं सवलती मागत नव्हता. ज्यांचें मत नव्हतें, ज्यांची भाषा वेगळी होती, ज्यांना त्यानें बहुधा डोळ्यांनीं पाहिलेंहि नव्हतें, त्यांच्यासाठीं तो वीस वर्षें झगडला. तेव्हां उपदेशकानें व्यासपीठावरून अमक्याला मत द्या असें सांगूं नये. त्यानें इतकें शिकवावें कीं, उमेदवाराला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘आमच्यासाठीं काय कराल?’ हा नसून ‘ज्याचा कोणी वाली नाहीं त्याच्यासाठीं काय केलेंत?’ हा आहे. आणि ज्यानें दारूची बाटली व पांचशें रुपये घेऊन आपलें मत विकलें, त्यानें स्वतःचेंच विक्रीखत लिहून दिलें, हें त्याला प्रेमानें पण स्पष्टपणें सांगावें.

सत्ताधीशांची आज्ञा पाळावी असें शास्त्र सांगतें, मग विरोध कसा करावा, असेंहि कोणी विचारील. वुलमनानें धन्याचें दुकान लुटलें नाहीं व क्लार्कसनानें बंदर जाळलें नाहीं. त्यांनीं नकार दिला तो उघड दिला, पुरावा गोळा केला, अर्ज केले आणि नुकसान सोसलें. शिवाय २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशांत प्रजासत्ताक आहे. राज्य चालविणारा निवडण्याचें ओझें तुमच्याआमच्या खांद्यावर आहे. अधिकाऱ्यांस जाब विचारणें हें ह्या राज्यांत बंड नसून नागरिकाचें कर्तव्य आहे.

अभ्यासवर्गासाठीं प्रश्न

१. गुलाम बाळगणाऱ्यांनीं शास्त्रांतील कोणतीं वचनें धरलीं व कोणतीं सोडलीं? आपण स्वतः कोणतीं वचनें सोडून वाचतों?

२. न्यूटनला आपल्या धंद्यांतील पाप उघड बोलण्यास इतकीं वर्षें कां लागलीं? आपल्या गांवांत कोणतें काम सर्वांस प्रतिष्ठित वाटतें, पण त्यांत दुसऱ्याचा गळा कापला जातो?

३. वुलमन ज्या रीतीनें घरोघर गेला ती रीत आपल्या मंडळीच्या वडिलांनीं कोणत्या एका गोष्टींत ह्या वर्षीं चालवावी?

४. आपल्या मंडळींत कोणाची मजुरी, उचल किंवा वांटणी थकली आहे काय? ती कोणत्या तारखेपर्यंत चुकती करावी?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत बोलून संपणारें नाहीं. पाळकांनीं व उपदेशकांनीं तें वहींत लिहून घ्यावें, आणि पुढील प्रभुभोजनापूर्वीं ती वही पुन्हां उघडावी.